कमी लाईटीतला सोलो

दिवसभर लोकांच्या नाकावर काचा चढवायच्या आणि विचारायचं, “आता बरं दिसतं की आधी बरं दिसत होतं?” ही दिपमालाची नोकरी. जळगावच्या पिंप्राळ्यात चष्म्याचं दुकान होतं, तिथे ती डोळे तपासायची. संध्याकाळी घरी आली की गिटार गळ्यात अडकवायची, अँपचं, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या डब्याचं, एखादं बटण केसभर फिरवायची आणि स्वतःलाच विचारायची, आता बरं वाजतं की आधी बरं वाजत होतं? ही तिची हौस. आणि हौस म्हणजे साधीसुधी नाही हो, मेटल संगीताची! ड्रम धडाधडा कोसळतायत, गाणारा घसा फाडतोय, आणि त्या सगळ्या गदारोळाच्या वर एकटी गिटार चढून टाहो फोडतेय, ती लीड. ती वाजवणारी ही पोरगी. तिची आई शेजारणींना सांगायची, “धुळ्याला क्लासला जाते.” कसला क्लास, ते मात्र सांगायची नाही.

बँड धुळ्याचा. नाव ‘पारा’. उन्हाळ्यात खान्देशात राहून बघा, म्हणजे नाव का ठेवलं ते विचारणार नाही. बँडचा कर्ताधर्ता नवीन नावाचा मुलगा. तो ड्रम वाजवायचा आणि देवपुरात त्याच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत सगळ्यांचा सराव चालायचा. स्वभावाने सरळ, पण तोंडाचा फटकळ. पहिल्याच सरावानंतर तो दिपमालाला म्हणाला, “दिपा, तू वाजवत होतीस का? मला वाटलं खाली फ्रिज चालू आहे.”

बिचारीने केलं होतं काय, तर प्रत्येक नवशिका करतो तेच. घरी एकटीने ऐकताना आवाज दणदणीत वाटावा म्हणून गेन, म्हणजे आवाज फाटवणारं बटण, पुरतं चढवलं, खालचा आणि वरचा सूर वाढवला आणि मधला पार शून्यावर नेला. घरात भिंती हादरल्या. पण बँडमध्ये खालची जागा बास गिटारने बळकावलेली, वरची झांजांनी. गिटारला उरतो तो मधलाच भाग, आणि तोच बाईसाहेबांनी कापून टाकलेला! मग ती शिकली. मधला सूर वाढवला, गेन अर्ध्यावर आणला. अँपच्या आधी सुराला जोर देणारं, पायाने दाबायचं ओव्हरड्राइव्हचं पेडल लावलं, त्याचा स्वतःचा खरखराट जवळजवळ बंद आणि धक्का मात्र पूर्ण. त्याने सूर घट्ट होतात, एकमेकांत कालवले जात नाहीत. शेवटी थोडासा डिले, म्हणजे सुरामागे हलका प्रतिध्वनी. हा आवाज घरी ऐकला तर नाकात बोलल्यासारखा लागायचा, पण देवपुरात बरोब्बर सगळ्यांच्या वर तरंगायचा.

आता आवाज ऐकू यायला लागला, पण रडत नव्हता. कोरडा होता. नवीनसुद्धा म्हणायचा, “सगळं बरोबर आहे, पण माझ्या अंगावर काटा येत नाही.” आणि खरं सांगायचं तर तिच्याही येत नव्हता.

तर अशात ती चैत्रात मामाकडे गेली. गिरधरमामाचा केळीचा मळा चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. जळगावात शेजारी आवाजाला वैतागले होते, म्हणून तिने अँपही सोबत नेला. अँप जुन्या धाटणीचा, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला. पूर्वीच्या रेडिओत असायचे तसलेच ते, तापले की लालबुंद होणारे. संध्याकाळी मळ्यातल्या घराच्या पडवीत तिने तो मांडला, मोबाइल खांबाला टेकवून चालू केला आणि नव्या गाण्याचा सोलो सहज वाजवला.

पहिल्याच सुरावर ती दचकली.

आवाज लोण्यासारखा मऊ आणि तरी फाटलेला. सूर छेडला की क्षणभर दबायचा, श्वास घ्यायचा आणि मग फुलून वर यायचा. तार ओढली की असा हंबरडा, की पडवीतली मांजर उठून बसली. दिपमालाने सोलो तसाच शेवटपर्यंत नेला. शेवटच्या सुराला आतून सुंदरमामी ओरडली, “दिपा, भाकरी गार होतेय!” तेसुद्धा मोबाइलमध्ये आलं. गोठ्यातली गाय तर दोनदा आली.

तिने तो व्हिडिओ नवीनला पाठवला. उत्तरात फक्त एक ओळ आली, “हा टोन कुठून आणलास?”

पण पुढे काय झालं बघा. ती जळगावात परतली, तोच अँप, तीच गिटार, तेच पेडल, बटणं होती त्याच जागी. आणि आवाज? पुन्हा कोरडा! ठणठणीत, नीटनेटका आणि कोरडा. इकडे ‘पारा’चं पहिलं गाणं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला काढायचं होतं आणि ते रेकॉर्ड होत आलं होतं. फक्त सोलो बाकी होता. नवीनने फोन केला आणि नेहमीसारखं तोंडावर सांगितलं, “दिपा, आखाजीच्या आत मला तो आवाज पाहिजे. गाय आणि मामीशिवाय. नाही जमलं तर नाशिकचा एक पोरगा तयार आहे, सोलो तो वाजवेल. राग मानू नको, पण गाणं एकदाच निघतं.”

राग कसला मानते, तिला रडूच आलं. तो सोलो तिने बसवला होता, एकेक सूर तिचा होता. आपलंच लेकरू दुसऱ्याच्या कडेवर बघायचं म्हणजे काय, सांगा! पण रडून झाल्यावर तिच्या डोक्यात किडा शिरला, आणि हा किडा तिला रागापेक्षा जास्त छळायला लागला. असं झालं तरी का? यंत्र तेच, हात तोच, मग मळ्यात असं काय होतं जे पिंप्राळ्यात नाही?

ती दुकानात डोळे तपासायची तशीच याच्या मागे लागली. एका वेळी एकच काच बदलायची. आधी तारा बदलल्या. मग केबल. मग अँप भिंतीपासून लांब, मग जवळ. मग तिला आठवलं की मामाची पडवी शेणाने सारवलेली होती, म्हणून तिने अँपखाली गोणपाट टाकून पाहिलं. मग वाटलं, तिथे आपण उपाशी होतो, म्हणून एक दिवस जेवायच्या आधी वाजवलं. आई म्हणाली, “वेड लागलंय या पोरीला.” धुळ्याच्या मित्रमंडळींनी आपापली पेडलं आणून दिली. कुणी म्हणालं डिस्टॉर्शन बदल, कुणी म्हणालं स्पीकर बदल. प्रत्येकाने काहीतरी बदललं आणि आवाज जिथल्या तिथे.

शेवटी एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला. शंभरदा ऐकला असेल, पण दर वेळी गिटार ऐकली होती. या वेळी तिने ठरवलं, गिटार ऐकायचीच नाही. मागचं ऐकायचं. मागे गाय होती, मामी होती, आणि आणखी एक बारीक आवाज होता. कुईऽऽ... थोडं थांबून पुन्हा कुईऽऽ... पडवीतला पंखा! इतका रेंगाळत फिरत होता, की पाती मोजून घ्यावीत. तिने व्हिडिओ थांबवून अँपकडे नीट पाहिलं. जाळीतून दिसणारे व्हॉल्व्हही मलूल होते. घरी ते चांगले नारिंगी पेटायचे, इथे विझत आलेल्या निखाऱ्यासारखे.

“अगं बाई!” ती एकटीच मोठ्याने म्हणाली. “लाईट कमी होती!”

मळ्यातलं घर आणि आजूबाजूच्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर होत्या. संध्याकाळी केळीला पाणी सोडायला सगळ्यांनी मोटारी लावल्या की घरातली लाईट दीडशे-पावणेदोनशे व्होल्टवर यायची. अँपला पोटभर वीज मिळालीच नव्हती! भुकेला होता तो, म्हणून दबत होता, धापा टाकत होता, म्हणून रडत होता. आणि घरी? घरी बाबांनी अँप आला त्याच दिवशी मोठा स्टॅबिलायझर आणला होता. एवढी महागाची वस्तू, लाईट कमीजास्त होऊन जळली म्हणजे? बाबांनी मायेने अँपला रोज भरल्या ताटावर बसवला होता. तिने घरी जाऊन स्टॅबिलायझर काढून पाहिला, पण पिंप्राळ्यात लाईट मुळातच भरपूर, काही फरक पडला नाही.

म्हणजे जायला हवं मळ्यातच. तिने मामाला फोन लावला. “मामा, आम्ही दोघं येतोय, रेकॉर्डिंग करायचंय. संध्याकाळी मोटारी चालू असतात ना?”

“अगं ये तर खरं! तुला एक गंमत दाखवायचीय. फोनवर सांगत नाही.” मामाचा आवाज आनंदाने नुसता उड्या मारत होता.

नवीन धुळ्याहून गाडी घेऊन आला. लॅपटॉप, माइक, अँप, सगळं भरलं आणि दोघं निघाले. वाटेत तिने त्याला सगळं समजावलं. सगळं ऐकून तो म्हणाला, “म्हणजे एवढी पेडलं गोळा केली आपण, आणि पाहिजे होतं काय, तर केळीला पाणी?”

“हो,” दिपमाला म्हणाली.

मळ्यात पोचतात तर गिरधरमामा अंगणातच उभे. “उनी का वं पोरी, आलीस का! ये, ये, आधी हे दख!” असं म्हणत त्यांनी तिला हाताला धरून थेट भिंतीवरच्या व्होल्ट दाखवणाऱ्या मीटरसमोर नेऊन उभं केलं. “दख, काटा कोठे शे!”

काटा दोनशे तीसच्या पुढे होता. भर संध्याकाळी.

“नवी डीपी बसली!” मामा म्हणाले. “किती वर्षं खेटे घातले आम्ही! आता कितीबी मोटारी लावा, काटा हलत नाही.” मामीने पेढे पुढे केले. डोक्यावर पंखा असा भिरभिरत होता, की भिंतीवरचं कॅलेंडर उडत होतं. दिपमालाने पेढा तोंडात घातला, पण नजर त्या पंख्यावरच. या माणसाने ज्याच्यासाठी देव पाण्यात ठेवले होते ते झालं होतं, आणि हिला नेमकं तेच नको होतं. स्वतःची लाजही वाटली तिला.

तरी अँप मांडला. वाजवून पाहिलं. ठणठणीत, नीटनेटका, कोरडा. नवीनने हातातला माइक परत पिशवीत ठेवला.

“काय झालं?” मामांनी तिचा चेहरा पाहून विचारलं. “चांगलं तर वाजतंय.”

आता सांगावं कसं? पण लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. “मामा, मला ती जुनी वाईट लाईट पाहिजे होती,” ती म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं, नाशिकच्या पोराचंही.

मामा आधी ऐकतच राहिले. मग जे हसायला लागले! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “अरे देवा, त्या लाईटीलाबी कुणी गिऱ्हाईक होतं तर!” मग टोपी सारखी करत बांधावर गेले आणि शेजारच्या मळ्यांकडे तोंड करून हाक दिली, “ओ वनाभाऊ! सुकदेवआबा! बठ्ठ्या मोटरा लावा रे! भाचीसाठी लाईट पाडायची शे!”

आणि लोकही कसे, का म्हणून कुणी विचारलं नाही. एकामागून एक मोटारी घुरघुरल्या. सुकदेवआबांनी तर पिठाची गिरणीही चालू केली. वनाभाऊ स्वतः मीटर बघायला आले. सगळे काट्याकडे डोळे लावून उभे राहिले. काटा दोनशे अठ्ठावीसवर आला, थरथरला आणि तिथेच थांबला.

“नाही पडत!” वनाभाऊंनी टाळी दिली. “काय डीपी आहे राव!” अंगणात अगदी जल्लोष झाला. पाडायला जमलेली माणसं, पडली नाही म्हणून नाचायला लागली. नवीनही हसला, आणि दिपमालालाही हसू आलं. डोळे मात्र भरले होते, ते तिने बाहीला पुसले. आखाजी दोन दिवसांवर होती.

माणसं पांगल्यावर ती पायरीवर बसून विचार करायला लागली. लाईट बाहेरून पडत नसेल तर घरातच पाडता येईल का? “मामा,” तिने विचारलं, “लाईट कमी असायची तेव्हा तुम्ही फ्रिज कसा चालवायचात?”

“बूस्टर होता ना. आता काय काम त्याचं? टाकला माळ्यावर.”

बूस्टर खाली आला. लोखंडी डबा, वर काटा आणि मोठी गोल मूठ. मूठ उजवीकडे फिरवली की खट् करून लाईट एक पायरी वाढायची. दिपमालाने विचारलं, “आणि डावीकडे फिरवली तर?”

“डावीकडे कोण फिरवतो?” मामा म्हणाले.

तिने फिरवली. अँप बूस्टरला जोडला आणि मूठ डावीकडे, खट्, खट्, खट्. काटा एकशेसत्तरवर आला. व्हॉल्व्ह हळूहळू मलूल झाले. तिने एक सूर छेडला, तार ओढली, आणि तो आला! तसाच दबलेला, तसाच धापा टाकत वर येणारा. नवीनच्या हातावर काटा उभा राहिला. त्याने तो हात तिच्यासमोर धरूनच दाखवला. आनंदाने तिला काय करू आणि काय नको असं झालं.

नवीनने अँपसमोर माइक लावला आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू केला. मामीला आणि गायीला गप्प राहायची ताकीद मिळाली. मामा मात्र बूस्टरशेजारीच बसले. सवयीने बसले हो. इतकी वर्षं उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्यांची जागा तीच होती, डोळा काट्यावर आणि हात मुठीवर. एका वर्षी असाच काटा एकशेसत्तरवर होता, कुणाचं लक्ष नव्हतं, आणि विहिरीवरची मोटर जळाली. नवी येईपर्यंत केळीचा निम्मा बाग डोळ्यांदेखत माना टाकून गेला. तेव्हापासून मामा काट्यावरून नजर हलवायचे नाहीत.

दिपमालाने डोळे मिटले आणि सोलो सुरू केला. याआधी कधी वाजला नव्हता असा वाजत होता. तिला कळत होतं की हा टेक तोच, आता कुणी मधे यायला नको. शेवटची चढण आली. तिने सगळ्यात वरचा सूर धरला, तार ओढली आणि तो सूर कण्हायला लागला. दबत, अडखळत, जीव खाऊन वर यायला बघत होता.

खट्.

सूर एकदम उचलला. तिचे डोळे उघडले. मामांचा हात मुठीवर होता, आणि मामा काट्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही.

खट्. खट्.

व्हॉल्व्ह पेटत गेले. गुदमरलेला सूर पायरीपायरीने मोकळा होत गेला, भरला, रुंद झाला, आणि इतका वेळ जो कण्हत होता तो छाती भरून गायला लागला. बोट काढायचं दिपमालाला सुचलंच नाही. तिने तार तशीच ओढून धरली, बोटाला रक्त येईल इतकी, आणि सूर आपोआप विरेपर्यंत सोडली नाही.

मग सगळं शांत. मामांनी हाताकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“काय करी टाकं हाई!” सुंदरमामी दारातून कडाडली. “पोरीचं इतकं छान चाललं होतं! हात म्हणून स्वस्थ बसत नाही तुमचा!”

“मन्हा हात गया वं,” मामा कसेबसे म्हणाले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबले. “ते त्या डब्यातलं इतकं रडत होतं, इतकं रडत होतं... मला राहवलंच नाही पोरी. वाटलं, लाईट कमी पडतेय लेकराला. म्हणून वाढवली.”

दिपमालाने गिटार खाली ठेवली. तिने नवीनकडे पाहिलं. नवीन कानावरचे हेडफोन दाबून शेवटचा सूर पुन्हा ऐकत होता. एकदा ऐकला, दुसऱ्यांदा ऐकला. ते खट् खटही त्यात आलं होतं, स्पष्ट. मग त्याने हेडफोन काढले, डोळ्यांवरून हात फिरवला, खिशातून मोबाइल काढला आणि तिथेच उभं राहून नाशिकला फोन लावला. “हां, भाऊ. तू येऊ नको. झालं आमचं.”

मामांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “पुन्हा वाजव, दिपा,” ते घाईने म्हणाले. “मी बाहेर बसतो. शपथ, बाहेर बसतो.”

दिपमाला उठली, त्यांच्यासमोर खाली बसली, आणि त्यांचा तो मांडीखाली दाबलेला हात ओढून काढून दोन्ही हातांत घट्ट धरून रडायला लागली. मामा घाबरून नवीनला विचारत राहिले, “बिघडलं ना रे? खरं सांग, बिघडलं ना?”